कमी बजेटमध्ये होम थिएटर प्रोजेक्टर घ्यायचाय, नेमकं काय बघू?

शनिवार_रात्र:
हॉलमध्ये टीव्हीऐवजी प्रोजेक्टर लावायचाय. रात्री सिनेमे, सुट्टीत दुपारी एखादी मॅच. १०० इंची चित्र हवंय, समोरासमोरच्या भिंतींत साडेतीन मीटर अंतर आहे. आई-बाबांना सबटायटल्स नीट वाचता यायला हवीत. एका स्वस्त प्रोजेक्टरवर '९००० ल्युमेन्स, ४के सपोर्ट' लिहिलंय आणि त्याहून महागावर फक्त ३०००. डोकं चालेना.

पांढरी_भिंत:
ते ९००० आधी बाजूला ठेवा. ल्युमेन्स म्हणजे प्रोजेक्टर फेकतो तो एकूण उजेड, आणि तो मोजायची ठरलेली रीत आहे: चित्राचे नऊ समान भाग करायचे, प्रत्येकाच्या मधोमध उजेड मोजायचा, सरासरी काढून क्षेत्रफळाने गुणायचं. तसा आलेला आकडा 'अ‍ॅन्सी ल्युमेन्स' किंवा 'आयएसओ ल्युमेन्स' म्हणून छापतात. नुसतं 'ल्युमेन्स' असेल तर त्यावर मी काडीचाही विश्वास ठेवत नाही.

आता तुमची गरज. १०० इंची १६:९ चित्र म्हणजे २२१ सेंमी रुंद, साधारण १२५ सेंमी उंच, जवळपास ३० चौरस फूट. सिनेमागृहासाठी १६ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्याच्या दर चौरस फुटाला १६ ल्युमेन्स, प्रमाण मानतात. म्हणजे पूर्ण अंधारात, साध्या पांढऱ्या स्क्रीनवर ४८० ल्युमेन्स पुरतात! पण छापलेला आकडा सगळ्यात भडक मोडचा असतो, त्यात रंग बऱ्याचदा हिरवट दिसतात. सिनेमा मोडमध्ये उजेड बराच उतरतो आणि दिवाही वापरानं मंदावतो. म्हणून १००० अ‍ॅन्सीच्या खाली जाऊ नका. १२० इंचांचा मोह झाला तर लक्षात असू द्या, क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं.

'४के सपोर्ट' म्हणजे तो सिग्नल आत घेतो, एवढंच. नेटिव्ह रेझोल्युशन, म्हणजे प्रोजेक्टरचे स्वतःचे खरे पिक्सेल किती, ते विचारा. ८००×४८० मध्ये पावणेचार लाखांच्या थोडे वर पिक्सेल, १९२०×१०८० मध्ये वीस लाखांवर. आई-बाबांसाठी नेटिव्ह १०८०पीच (१९२०×१०८०) घ्या.

आणि सगळ्यात कळीचं: प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. खोलीत जेवढा उजेड, तेवढाच तुमचा 'काळा' राखाडी. हजार ल्युमेन्स जास्त घेण्यापेक्षा खिडक्यांना जाड पडदे लावा, जमलं तर स्क्रीनलगतची भिंत आणि छत गडद, मॅट रंगात रंगवा. पांढऱ्या छतावरून उजेड परत स्क्रीनवर येतो आणि रात्रीच्या प्रसंगांतले चेहरे धुवून टाकतो. स्वस्त प्रोजेक्टर काळ्याभोर खोलीत काय सुंदर दिसतो, हे एकदा बघाच.

शनिवार_रात्र:
गणितासाठी खूप आभार! मग दुपारच्या मॅचचं काय? आणि डीएलपी की एलसीडी?

निळा_किरण:
डीएलपीत चिपवरच्या सूक्ष्म आरशांनी चित्र बनतं, एलसीडीत पॅनलमधून आरपार जाणाऱ्या उजेडानं. एक डीएलपी चिप असलेल्यांत बहुधा फिरतं रंगचक्र असतं. काहींना त्यामुळे पांढऱ्या अक्षरांच्या कडांना इंद्रधनुषी झलक दिसते. घरातल्या सगळ्यांना दाखवूनच घ्या. तीन एलसीडी पॅनलवाल्यांत हा त्रास नाही. एकाच एलसीडी पॅनलचे स्वस्त एलईडी मॉडेल घ्यायचे तर ऑप्टिकल भाग सीलबंद आहे का ते विचारा, नाहीतर पॅनलवर धूळ बसून चित्रात डाग दिसतात. ओटीटी अ‍ॅप्सही तपासा. वाइडवाइन एल१ (व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या सुरक्षेचा वरचा स्तर) नसेल तर नेटफ्लिक्स एचडीत चालत नाही, मग वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावा.

पांढरी_भिंत:
बरोबर. मॅचचं म्हणाल तर मैदान उजळ असतं, त्यामुळे थोडा उजेड खपतो. दुपारी चित्र ८० इंचांवर आणलंत तर त्याच ल्युमेन्समध्ये दीडपट उजळ दिसेल. अंधाऱ्या सिनेमाला मात्र दुपार नकोच.

प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोननं (चित्र आतल्या आत ताणून-दाबून सरळ करणाऱ्या सोयीनं) चौकट सरळ करू नका. त्यात पिक्सेल वाया जातात, अक्षरं मऊ पडतात. लेन्स स्क्रीनसमोर सरळ येईल अशी जागा शोधा. थ्रो रेशो (लेन्सपासून स्क्रीनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) गुणिले २.२१ मीटर, हे तुमचं अंतर. १.२ असेल तर २.६५ मीटर, १.५ ला ३.३ मीटर. मागे प्रोजेक्टरचं अंग, वायर आणि गरम हवेला जागा लागते, त्यामुळे १.५ तुमच्याकडे अडचणीचा होईल. १.२ ते १.३५ मधलं बघा. दोन-तीन मॉडेल निवडलीत की त्यांचे थ्रो रेशो इथे टाका, प्रत्येकाची जागा मोजून सांगतो.