अनुभव धागा: खान्देशातल्या सॉफ्टवेअर ऑफिसात माणसं टिकवायची कशी?

मंडळी, जळगाव-धुळ्याच्या छोट्या कंपन्यांत फ्रेशर तयार होतो आणि दीड-दोन वर्षांत पुणं गाठतो. कारणं सगळ्यांना पाठ आहेत. इथे फक्त जे करून उपयोग होतो ते लिहा, आकड्यांसकट.

एचआर, जळगाव
राजीनामा हातात पडल्यावर दिलेली वाढ वाया जाते. ती बातमी त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावर पोचते आणि वाढ मागायची हीच रीत आहे, असं सगळे शिकतात. त्याऐवजी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये एक तक्ता करावा. नव्या माणसांना दिलेल्या ऑफर एका बाजूला, त्याच लेव्हलच्या जुन्यांचे पगार दुसऱ्या बाजूला. जुना मागे असेल तर कोणी मागायच्या आत त्याच महिन्यात दुरुस्ती करायची. नव्याला जास्त आणि शिकवणाऱ्याला कमी, याइतकं माणूस तोडणारं दुसरं काही नाही.

आणखी एक. पुण्याची ऑफर आली की सीटीसीची (कंपनीला माणसामागे पडणाऱ्या वर्षाच्या एकूण खर्चाची) नाही, हातात येणाऱ्या पगाराची तुलना करून दाखवा. सीटीसीत कंपनीचा पीएफ आणि बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी बहुधा धरलेली असते. खोलीभाडं, डिपॉझिट, मेस वजा करा. त्यानंतरही तिकडे फायदा दिसत असेल तर खरं सांगून टाका. लपवाछपवी केली की पुढच्या बोलण्यावर विश्वास राहत नाही.

टीम लीड, धुळे
दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी ३० मिनिटं, एकट्याशी. त्यात जिराचं तिकीट, म्हणजे रोजच्या कामाची नोंद, निघू द्यायचं नाही. त्यासाठी स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग, आहे. विचारायचं एवढंच: कोणतं काम कंटाळवाणं झालंय, काय शिकायचंय, माझ्यामुळे काय अडलंय. उत्तर लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा. ही भेट सलग दोनदा रद्द झाली की माणूस बोलायचं थांबतो, आणि मग थेट राजीनाम्याचा मेल येतो.

जुन्या कोडची डागडुजी एकाच्याच गळ्यात वर्षभर ठेवू नका. सहा महिन्यांनी फिरवा. फिरवताना जुन्या माणसाने नव्याबरोबर दोन रिलीज काढून द्यावेत, नाहीतर फोन त्यालाच येत राहतात.

डेव्हऑप्स, भुसावळ
अमेरिकेचा क्लायंट असेल तर ऑन-कॉलचा, म्हणजे रात्री-बेरात्री सिस्टीम बिघडली तर फोन उचलायच्या पाळीचा, विचार आधी करा. पाळीत पाच-सहा जण तरी हवेत. तिघांत फिरवलं तर दर तिसरा आठवडा झोपेविना जातो. रात्री एकनंतर कॉल घेतला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुट्टी, अर्ज न करता. सिस्टीमकडून आपोआप येणाऱ्या त्याच त्याच अलर्टची दर सोमवारी छाटणी करा. ज्यावर कोणी काहीच करत नाही, तो अलर्ट बंद.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि लाईट जाते. इन्व्हर्टरवर फक्त लॅपटॉप चालवून भागत नाही. राऊटर आणि फायबरचा डबाही त्याच लाईनवर घ्या. दोन इंटरनेट कंपन्या घेताना केबल एकाच खांबावरून येत नाहीत ना, ते बघा.

एचआर, नंदुरबार
सुट्ट्यांची यादी मुख्य ऑफिसातून जशीच्या तशी उचलू नका. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई देवीचे रोट इथे घराघरात असतात. कानबाई श्रावणातल्या रविवारी बसते आणि सोमवारी विसर्जन, म्हणून सोमवारची सुट्टी लागते. क्लायंटला ही तारीख जानेवारीतच कळवा. रात्रीच्या शिफ्टला मुलींसाठी गाडी घराच्या दारापर्यंत हवी, बसस्टँडपर्यंत नव्हे.

एक प्रश्न, चाळीसगाव: ठराविक काळ नोकरी सोडणार नाही, असा बॉण्ड लिहून घेतला तर?

मालक, छोटी कंपनी, जळगाव
भाऊ, बॉण्डने माणूस बसतो, मन लागत नाही. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जायचं नाही ही अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. नोकरीच्या काळातला वाजवी बॉण्ड वेगळा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची दोन लाखांची अट ग्राह्य धरली. मूळ मार्कशीट ठेवून घेणं मात्र कधीच नको.

त्यापेक्षा ग्रॅच्युइटीचं गणित समजावून सांगा. नोकरी सोडताना मिळणारी ही रक्कम सहसा पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हाती येते. पगाराला १५ ने गुणा, २६ ने भागा, वर्षांनी गुणा. त्यासाठी धरला जाणारा पगार ४०,००० असेल तर पाच वर्षांचे सुमारे १,१५,३८५ रुपये होतात. साडेतीन वर्षं झालेल्या माणसाला हा आकडा ठाऊकच नसतो.

गळतीची टक्केवारी एकत्र बघू नका. वीस जणांत चार गेले की २० टक्के, पण चौघंही एकाच लीडखालचे असतील तर दुखणं तिथे आहे.

आणि जाणाऱ्याला नीट जाऊ द्या. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख वेळेवर टाका, नाहीतर त्याची ट्रान्सफर अडकते. रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवशीच हातात द्या. लग्न झालं, आईवडील थकले की गावाकडे परतणारे बरेच असतात, आणि ते आधी जुन्याच ऑफिसला फोन करतात.