शाळेच्या जुन्या रजिस्टरात पणजीचं नाव का नाही?

कराडचा_गडी:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने गावच्या झेडपी शाळेत जाणं झालं, हेडमास्तरांनी कपाटातून जुनं दाखल-खारिज रजिस्टर काढलं, मोडी वाचणारे एक काका सोबत नेलेच होते. नोंद मिळाली, काम झालं, पण मी भलतीकडेच अडकलो. पणजोबा १९०९ साली दाखल, दुसरीतूनच नाव कमी, आणि कारणाच्या रकान्यात फक्त 'शेतीकाम'. म्हटलं पणजीचं बघू, तीही गावातलीच, माहेरचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. तर तिचं नाव नाहीच, अहो तिचंच काय, पानंच्या पानं उलटली तरी एका मुलीचं नाव नाही. महारवाड्यातलं पहिलं नाव सापडायलाही काकांना बरीच पानं पुढे जावं लागलं.
आता मला कळेना. फुल्यांची शाळा १८४८ ची, आमच्या गावात सरकारी शाळा पणजोबांच्याही आधीपासून, शाहू महाराजांची सक्ती आपण इतिहासात पाठ केलीय. मग शाळा होती तर पोरं कुठे होती? शाळा खरोखर सगळ्यांची झाली ती कधी? एखादं साल सांगता येईल का?

रद्दीतला_माणूस:
साल एकच मागू नका, फसाल. १८१३ ला कंपनीने सगळ्या हिंदुस्थानच्या शिक्षणाला वर्षाला एक लाख रुपये ठेवले, ते शाळेसाठी कमी आणि पंडित-मौलवींसाठी जास्त होते. मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनला शाळा हव्या होत्या, पण खालच्या जातींपासून सुरुवात केली तर वरचे नाराज होतील ही धास्ती त्याने लिहूनच ठेवलीय. १८५४ चा वुडचा खलिता (शिक्षणाच्या धोरणाचा कंपनीचा आदेश) आला, १८५५ ला शिक्षण खातं निघालं, आणि लगेच १८५६ मधे धारवाडला (तेव्हा ते आपल्याच इलाख्यात) एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. नाही मिळाला. बाकीची मुलं शाळा सोडून जातील हे कारण. म्हणजे शाळा सरकारची पण दारावर गाव उभं.
आता पैशाचं बघा, ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते. १८६० नंतर शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' बसला, त्यातला एक तृतीयांश शाळांना. तुमच्या पणजोबांच्या बापाने तो आणा भरलाय, शंभर टक्के. १८८२ ला हंटर कमिशनसमोर (सरकारने नेमलेला शिक्षण आयोग) फुल्यांनी नेमकं हेच मांडलं, की महसूल देतो शेतकरी आणि शिकतात वरचे, सरकारचं सगळं लक्ष हायस्कूल-कॉलेजकडे. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणीच होती त्यांची. ऐकलं कोणी नाही.
आणि रजिस्टरचाच विषय निघालाय तर, तुमच्याच जिल्ह्यात साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमधे ७ नोव्हेंबर १९०० ला 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झालंय, नंबर १९१४. नाव रजिस्टरात होतं, पण बसायला गोणपाट घरून न्यावं लागायचं आणि नळाला हात लावायची मुभा नाही. त्यामुळे रजिस्टरात नाव दिसलं म्हणजे पोरगं वर्गात बसलं असं धरू नका.

शंकेखोर:
पण शाळा आणली इंग्रजांनीच ना? त्याआधी काय होतं आपल्याकडे?

रद्दीतला_माणूस:
@शंकेखोर पंतोजींच्या शाळा होत्या की. देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर, धूळपाटीवर अक्षरं, पाढे, मोडी, हिशेब, फी धान्यात. पण तिथे जायची ती मुख्यतः ब्राह्मण-वाण्यांची मुलं. इंग्रजांनी दार बांधलं ते खरं, उघडायला मात्र इथल्याच माणसांना धक्के मारावे लागले.

करवीरी_पायताण:
शाहू महाराजांचं नाव आलं म्हणून लिहितो. भाऊ, तुमचं गाव ब्रिटिश सातारा जिल्ह्यात, सक्ती झाली ती कोल्हापूर संस्थानात! हुकूम १९१७ चा, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया म्हणजे गंमत नव्हती. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून टाकल्या, बसा सगळे एकत्र. त्याच्याही आधी बडोद्याला सयाजीरावांनी १८९३ ला अमरेली भागात सक्ती करून बघितली आणि १९०६ ला सगळ्या संस्थानात लावली.
इंग्रजांच्या मुलखात काय? गोखल्यांनी १९११ ला बिल आणलं, तेही किती नरम, स्थानिक संस्थेला वाटलं तर तिने करावी सक्ती, एवढंच. १९१२ ला ३८ विरुद्ध १३ मतांनी पाडलं. सरकार म्हणे पैसा नाही, आणि जमीनदारांना भीती की गुरं कोण राखणार. ते 'शेतीकाम' तुमच्या रजिस्टरात उगाच नाही आलेलं. मग १९१८ ला विठ्ठलभाई पटेलांचा कायदा झाला, पण तो नगरपालिकांपुरता, म्हणजे खेडं पुन्हा बाहेर.
तुमच्या भागात खरा फरक पाडला तो भाऊराव पाटलांनी. १९१९ ला त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची सुरुवात तुमच्याच तालुक्यात काले गावी झाली. त्यांनी ओळखलं होतं की नुसती शाळा काढून भागत नाही, पोरगं राहणार कुठे आणि खाणार काय. म्हणून बोर्डिंग. १९२४ ला साताऱ्यात काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, स्वयंपाक पण स्वतःच करायचा. तुमचे आजोबा शिकले असतील तर विचारून बघा घरात, कुठल्यातरी बोर्डिंगचा संबंध निघेल.

बालाघाट:
तुमचं बरं आहे, तुमच्याकडे निदान रजिस्टर मोडीत आहे. आमच्याकडं मराठवाड्यात निजामाचं राज्य, घरात मराठी आणि वर शिकायचं तर उर्दू. माझे आजोबा सही उर्दूत करायचे ते शेवटपर्यंत, आणि ज्ञानेश्वरी मात्र मराठीतून वाचायचे, ती कुणी शाळेत शिकवली नव्हती. म्हणून तर १९२१ ला हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते, पुढं अंबाजोगाईला. १९४८ ला पोलिस ॲक्शन झाली तेव्हा कुठं गाडी रुळावर यायला लागली. त्यामुळं महाराष्ट्रात शाळा कधी पोचली असं एकत्र विचारू नका हो, तुमच्या आमच्यात निदान दोन पिढ्यांचा फरक आहे.
अजून एक. तुमच्या रजिस्टरात 'शेतीकाम' लिहिलंय ते जुनं झालं असं वाटत असेल तर दिवाळीनंतर बीडकडं या. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर निघाल्या की आईबाप कोयत्यावर आणि पोरं बैलगाडीत. साखरशाळा काढल्या, मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं काढली, कुठं चालतात कुठं नुसती कागदावर. नाव पटावर असतं, पोरगं फडात.

निवृत्त_मास्तरीण:
सगळ्यांचं वाचलं. मी १९७८ ला झेडपीत लागले, डहाणूच्या बाजूला, ३६ वर्षं नोकरी. पुरुष मंडळींनी कायदे छान सांगितले पण पणजीचा प्रश्न तसाच राहिला बघा.
मुलगी शाळेत का येत नाही हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. ती येते, पण कडेवर धाकटा भाऊ घेऊन येते. भाऊ रडला की ती उठून जाते. आमच्या आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच ओळखलं होतं. पोर शाळेत येत नाही ना, मग शाळा पाड्यावर न्या, अंगणात भरवा. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा, म्हणजे गुरं चरतायत आणि तिथेच शिकवणं. हसू नका, ती शाळा माझ्या पत्र्याच्या वर्गापेक्षा चांगली चालायची. बालवाडी झाली आणि धाकटं तिथे बसायला लागलं की मोठी मोकळी होते, हे कुठल्याही सक्तीच्या कायद्यात लिहिलेलं नाही.
दुसरं म्हणजे चौथी. गावात शाळा चौथीपर्यंत, पाचवीला पुढच्या गावी, मधे ओढा. मुलग्याला पाठवायचे, मुलीचं नाव तिथेच कमी. दाखल्यावर मी स्वतः 'घरकाम' लिहिलंय, किती वेळा ते मोजलं नाही. घटनेत कलम ४५ होतं, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना मोफत आणि सक्तीचं, म्हणजे १९६० ला व्हायला हवं होतं. मी तर त्यानंतर अठरा वर्षांनी लागले! १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, शाळा वाढल्या हे खरं, पण एक मास्तर आणि चार इयत्ता. १९८७ च्या खडू-फळा योजनेत दोन खोल्या दोन शिक्षक असं ठरलं तेव्हा आम्हाला दिवाळी वाटली. १९९५ पासून महिन्याला तीन किलो तांदूळ, ८० टक्के हजेरी असेल तर. खरं सांगते, त्या तांदळाने जेवढ्या मुली वर्गात आणल्या तेवढ्या माझ्या घरभेटींनी नाही आणल्या. पुढे खिचडी शिजायला लागली. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, २०१० ला लागू झाला, पहिली ते पाचवी एका किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर. आमच्या ओढ्याचा हिशेब कायद्यात यायला एवढी वर्षं लागली. आणि आता कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या म्हणतात, म्हणजे ओढा परत मधे. गाडी देऊ म्हणतात. पावसाळ्यात बघू.
बाकी कराडचे भाऊ, एक गोष्ट तपासा. तेव्हा मोठ्या गावांत मुलींची शाळा वेगळी असायची, रजिस्टरही वेगळं. तुम्ही मुलांच्या शाळेचं बघितलं असणार. मिळेलच असं नाही, पण पणजीला 'नव्हतीच शाळेत' असं एवढ्यात म्हणू नका.

करवीरी_पायताण:
बाई, दंडवत. हे रजिस्टर वेगळं असायचं ते डोक्यातच आलं नव्हतं.

कराडचा_गडी:
बाई, खरंच आभार. आजीला फोन केला लगेच. ती म्हणाली तिची सासू, म्हणजे माझी पणजी, किराणा दुकानाची चिठ्ठी वाचायची, हळूहळू, बोट ठेवून, आणि कुणी बघितलं की चिठ्ठी पदराखाली घ्यायची. कुठे शिकली ते कधी कुणी विचारलंच नाही. पणजोबांचं दुसरीपर्यंतचं शिक्षण आमच्या घरात कौतुकाने सांगतात बरं का, हिचं कुणाला माहीतही नाही. आणि बोर्डिंगचंही खरं निघालं, आजोबा दोन वर्षं बोर्डिंगात भाकऱ्या थापायला होते म्हणे!
शेजारच्या मोठ्या गावी मुलींची जुनी शाळा होती, आता मुलांच्या शाळेत मिसळलीय. तिथल्या गुरुजींना विचारलं, ते म्हणाले जुनी रजिस्टरं ट्रंकेत आहेत, वाळवी लागलीय थोडी, सोमवारी या. मोडीवाल्या काकांना सांगून ठेवलंय.