मदत हवी आहे: चोर्ला घाट उतरताना ब्रेकचं पेडल खोल जातं

तिसरा गिअर:

मंडळी, ब्रेकमधल्या जाणकारांची मदत हवी आहे.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, नऊ वर्षं जुनी, पुढे डिस्क, मागे ड्रम. सेकंड हँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की अर्धे प्रतिसाद "ही घेतलीच कशाला" यावरच जातील. मुक्काम गोव्यात हरमलला, समुद्राला इतकं लागून की मे महिन्यात सकाळी काचेवरून बोट फिरवलं तर खारट लागतं. सासुरवाडी बेळगावला. म्हणजे अधूनमधून डिचोली, साखळी आणि घाटाच्या पायथ्याचं केरी करत चोर्ला चढायचा आणि येताना डिकी भरून भाजी, तांदूळ, कुंदा घेऊन उतरायचा.

तर तक्रार अशी. उतरताना घाट अर्ध्यावर आला की पेडल मऊ पडू लागतं. केरी जवळ येईपर्यंत नेहमीपेक्षा बरंच खाली जातं. दोन-तीनदा दाबलं की वर येतं. खाली थांबून चहा होईस्तोवर सगळं पूर्ववत. दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या बाजारात किंवा पर्वरीच्या गर्दीत काहीच नाही. गॅरेजवाल्यासमोर तर गाडी अगदी गुणी बाळ.

एका ठिकाणी पुढचे पॅड बदलले, फरक शून्य. दुसऱ्याने सांगितलं, "घाटात असं होतंच." तिसऱ्याने दोन्ही डिस्क बदलायचं कोटेशन हातात दिलं.

मी रेस बघणारा माणूस. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाच्या गाडीत बसला तेव्हापासून फॉर्म्युला वनचं वेड आहे. त्यामुळे माझ्या डोक्यात स्टील ब्रेडेड होज (स्टीलची जाळी गुंडाळलेल्या ब्रेकच्या नळ्या), रेसिंगचं ब्रेक ऑइल, भोकं पाडलेल्या डिस्क असलं सगळं घोळतंय. बायकोचं म्हणणं, आहे ते आधी धड करा. खर्च कुठे करावा? आणि नेमकं बिघडलंय काय? पुढेमागे एखाद्या ऑटोक्रॉसला (आखलेल्या छोट्या मार्गावर वेळ मोजून होणाऱ्या स्पर्धेला) ही गाडी उतरवायची इच्छा आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

पिटलेन:

सरळ रेसिंगचं तेल घाला. फॉर्म्युला वनमध्ये डिस्क १००० अंशांपर्यंत तापतात आणि तरी पेडल टणक असतं. तुमच्या घाटात किती तापणार? ३०० अंशांच्या वर उकळणारं तेल मिळतं, विषय संपला. भोकांच्या डिस्क दिसतातही झकास.

कुळागर:

पिटलेन, जरा दमानं. त्या डिस्क कार्बनच्या. थंड असताना त्या नीट पकडतसुद्धा नाहीत. त्यांना हवा पुरवायला वेगळे डक्ट असतात आणि ते तेल दर शर्यतीला बदललं जातं. रेसिंगच्या तेलाचा आकडा ३०० च्या वर असतो तो सीलबंद बाटलीतला. तेच तेल हरमलच्या हवेत वर्षभर गाडीत राहिलं की तो आकडा राहत नाही. आणि डिस्कला भोकं पाडली की तिचं वजन कमी होतं, म्हणजे उष्णता साठवायची जागाही कमी होते. शिवाय तापून-निवून भोकांच्या कडेला तडे जातात. घाटाच्या गाडीला ती नकोतच.

तिसरा गिअर, आता तुमचं. तुम्ही जे लिहिलंय त्यात अर्धं निदान आहे. घाटात ब्रेक "जातात" म्हणतात त्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पॅड तापून गुळगुळीत झाले तर पेडल टणक राहतं, पायाला नेहमीसारखंच लागतं, पण गाडी थांबत नाही. तुमचं पेडल मऊ होतं, पंप केल्यावर वर येतं आणि निवल्यावर ठीक होतं. याचा अर्थ तेलात कुठेतरी वाफ होते आहे. द्रव दाबला तर दबत नाही, वाफ दबते. तुमच्या पायाची ताकद ती वाफ दाबण्यातच जाते. पॅड बदलून फरक पडला नाही तो यामुळेच. डिस्क बदलूनही पडणार नाही.

वाफ का होते? ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते तसं. तेलाच्या डबीच्या झाकणातून, रबरी नळ्यांच्या अंगातूनही ओल आत जाते. डॉट ४ प्रतीचं तेल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं असं मानक सांगतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. डॉट ५.१ चे २६० आणि १८०.

आणि घाटाचा हिशोब करून बघा. माणसं, भाजी, तांदूळ धरून गाडी १३०० किलो. घाटाची उतरण ६०० मीटर धरली तर सुमारे ७६ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची आहे. हीच गाडी १०० च्या वेगावरून एकदा थांबवायला साधारण ५ लाख ज्यूल लागतात. म्हणजे सगळं ब्रेकवर सोडलं तर १०० वरून लागोपाठ पंधरा वेळा थांबवल्यासारखं. हवा आणि इंजिन त्यातलं काही घेतात, पण किती घेतात ते तुम्ही कुठल्या गिअरमध्ये उतरता त्यावर. नाव "तिसरा गिअर" आहे, उतरतानाही तोच असतो ना?

ड्रमच्या जमान्यात रेसवाल्यांचंही हेच दुखणं होतं. १९५३ ला जग्वार सी-टाइपने ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली ती डिस्क ब्रेकच्या जोरावर. ड्रमवाल्या गाड्यांना वळणाआधी कितीतरी लवकर ब्रेक मारावे लागत. आज तीच डिस्क तुमच्याकडे आहे. तिच्यातलं तेल तेवढं कोणी बघत नाही.

आता मला तीन गोष्टी हव्यात. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? गाडी थंड असताना, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरलं तर हळूहळू खाली बसतं का? बसत असेल तर मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की तेलाला दाब देणारा मुख्य पंप, बिघडलाय. आणि घाट उतरल्यावर चारही चाकं सारखीच तापतात का?

मीरामार:

माझा पण एक प्रश्न इथेच विचारते. आमचे दादा घाट न्यूट्रलमध्ये उतरतात, म्हणतात पेट्रोल वाचतं. खरं का?

कुळागर:

नाही हो ताई. इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच. आणि सगळा भार ब्रेकवर. दादांना सांगा, पेट्रोल जातंय आणि पॅडही.

तिसरा गिअर:

कुळागर काका, मनापासून आभार. थंड गाडीत पेडल बसत नाही. गिअर तिसरा, तीव्र वळणांना दुसरा. सर्व्हिस बुकात ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद नाही, आधीच्या मालकाच्या काळातलीही नाही. सर्व्हिसच्या बिलावर "टॉप-अप" लिहिलेलं आहे.

परवा बेळगावहून येताना मित्राचा इन्फ्रारेड थर्मामीटर बरोबर घेतला. केरीच्या खाली थांबून लगेच मोजलं. पुढची उजवी डिस्क १४० च्या आसपास, डावी २५० च्या वर! मागचे ड्रम दोन्ही सारखे. डाव्या चाकाच्या रिमवर काळी पूडही जास्त आहे. इतके दिवस वाटायचं, लाल मातीचा रस्ता, त्या बाजूला चिखल जास्त उडत असेल.

गॅरेजवाला फोंडा:

सापडला चोर.

तिसरा गिअर बाब, चकचकीत लोखंडावर तो थर्मामीटर खरा आकडा दाखवत नाही, त्यामुळे २५० ला २५० समजू नका. पण डाव्या-उजव्यात एवढा फरक म्हणजे डावा कॅलिपर, पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सुटत नाही. दर्यादेगेच्या, म्हणजे समुद्रकाठच्या गाड्यांत हे मी कायम बघतो. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिनेच्या रबरी बुटाला बारीकशी चीर गेली की खारं पाणी आत जातं, गंज धरतो, पिन आवळते. मग पॅड डिस्कला घासत राहतो, पाय काढला तरी. चाक तापतं, तिथलं तेल तापतं, त्यात जुनं पाणी. वाफ झालीच.

पॅड बदलताना पुष्कळ ठिकाणी पिस्टन मागे ढकलतात, नवे पॅड बसवतात, झालं. पिन बाहेर काढून बघायला दहा मिनिटं जास्त लागतात, ती कोण देतो? तुमचे "नवे" पॅड काढून बघा. आतला बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला असेल तर पिनच.

टॉप-अपचं पण ऐका. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नाही. कॅलिपरमधलं तिथेच पडून असतं. वरच्या डबीत कितीही ताजं घातलं तरी खाली जुनंच. त्यामुळे डबीत पेन बुडवून "ऑइल ओके" म्हणणाऱ्यावर विश्वास नको. चारही चाकांच्या निपलमधून (तेल काढायच्या बारीक तोट्यांतून) जुनं पूर्ण बाहेर काढायचं, स्वच्छ येईपर्यंत.

करायचं ते असं: दोन्ही बाजूंच्या पिना काढा, साफ करा, खड्डे पडले असतील तर बदला. बूट किट नवं. ग्रीस फक्त ब्रेकचं, सिलिकॉनवालं. चासिसचं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि सहा महिन्यांत परत तेच. पिस्टन हाताने दाबून नीट मागे जातो का तेही बघायला सांगा. तेल डॉट ४, सीलबंद लहान बाटली, उघडलेली अर्धी बाटली कोणी दिली तर घेऊ नका. डॉट ५.१ घातलं तरी चालेल, पण नुसतं ५ लिहिलेलं नको, ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं असं बुकात असतं, हरमलला मी त्याहून लवकर बदलेन. पेंटवर सांडू देऊ नका, रंग उतरतो.

ब्रेडेड होजचे पैसे आता वाचवा. टायरला लावा.

पिटलेन:

मान्य, भोकांच्या डिस्क मागे घेतो. :) टायरवरून आठवलं, पावसाच्या फॉर्म्युला वन टायरमधून ३०० च्या वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाहेर फेकलं जातं. ते खोबणीमुळेच. आपल्याकडे कायद्याने १.६ मिलिमीटर खोबण चालते, पण गोव्याच्या जुलैत ३ च्या खाली गेलेल्या टायरवर मी तरी नवीन झुआरी पुलावर ८० ने जाणार नाही. आणि पावसात पकड येते म्हणून हवा कमी करणारे बरेच आहेत, ते करू नका. कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो.

कुळागर:

फोंडेकर म्हणतात ते शंभर टक्के. तोवर घाट उतरायची वेळ आलीच तर दोन-तीन गोष्टी. वळणाआधी ठामपणे ब्रेक लावून वेग कमी करा आणि पाय पूर्ण काढा. सतत पाय टेकवून ठेवू नका. पेडल मऊ लागलं की लगेच खालचा गिअर, जागा बघून थांबा. डिस्क तापलेली असताना पाणी ओतू नका. हँडब्रेक खेचून ठेवण्यापेक्षा गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचला! चोर्ल्यात ट्रकवाल्यांनी सोडलेले दगड चुकवत किती जण गेलेत देव जाणे.

रेसचं वेड आहे म्हणता म्हणून सांगतो. मी सत्तरी तालुक्यातला. गोव्यात २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंज सुरू झालं, ऑफ-रोड गाड्यांची भर पावसातली स्पर्धा. लोक चिखलातून विंच लावून वर येणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ काढतात. मला मजा येते संध्याकाळी. दिवसभर बुडालेल्या गाड्या धुऊन आधी ॲक्सलचं तेल बघतात, दुधाळ झालं का, म्हणजे पाणी गेलं का. मग हब, ब्रेक, सगळे नटबोल्ट. सकाळी परत हेच. इतकी किंमत मोजून बनवलेल्या गाड्या, आणि त्यांच्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो तो पाना आणि फडक्याचा.

मीरामार:

आमच्याकडे गाडी खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घ्या म्हणून मागे लागलेत. करू का?

गॅरेजवाला फोंडा:

नव्या, कोऱ्या गाडीला करा. गंज धरलेल्यावर केलं तर गंज आत झाकला जातो आणि तिथे ओल धरून बसतो, वरून काळं छान दिसतं. आधी घासून काढून देणार असतील तरच. त्यापेक्षा महिन्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवा, दारांच्या खालची पाण्याची भोकं आणि काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक नको. ड्रमला लायनर चिकटतो.

तिसरा गिअर:

अपडेट. पेडण्याच्या एका लहान गॅरेजमध्ये समोर उभं राहून काम करून घेतलं. डाव्या कॅलिपरची खालची पिन हातोडी मारल्याशिवाय बाहेर येईना. आतला पॅड नवा असूनही बाहेरच्याच्या निम्म्यावर आला होता. तेल निघालं ते काळ्या चहाच्या रंगाचं. दोन पिना, बूट किट, पॅड, डॉट ४, मजुरी, सगळं मिळून त्या डिस्कच्या कोटेशनच्या चौथाईहूनही कमी झालं.

काल चोर्ला उतरलो, मुद्दाम डिकी भरून. पेडल वरून खालपर्यंत एकाच उंचीवर. दोन्ही डिस्कमध्ये दहा-पंधरा अंशांचाच फरक. कुळागर काका, फोंडेकर, देव बरें करूं.

आता ऑटोक्रॉसचं सांगा. ब्रेक झाले, टायर घेतो. अजून काय लागेल?

गॅरेजवाला फोंडा:

एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या) मान्यतेचा इव्हेंट असेल तर त्यांचं लायसन्स, हेल्मेट, आणि आयोजकांची नियमावली आधी वाचा. गाडीची स्क्रुटिनी होते. सीटबेल्ट, ब्रेक, चाकांचे नट, कुठे गळती आहे का, सुटं सामान आत काही राहिलंय का. बॅटरी हलवून बघतात. क्लॅम्प घट्ट आहे ना?

तिसरा गिअर:

क्लॅम्प नाही. आधीच्या मालकाने तारेने बांधली आहे. पण तार घट्ट आहे. चालेल?

गॅरेजवाला फोंडा:

ना बाब.