डंबेल कर्ल: कोपर जागेवर ठेवण्याचे तुमचे अनुभव

जिममध्ये आरशासमोरची जागा सगळ्यात आधी भरते ती बायसेप कर्लवाल्यांनी. व्यायाम दिसायला सोपा: डंबेल धरा, हात कोपरात दुमडा, खाली आणा. प्रत्यक्षात निम्मं वजन कंबरच उचलत असते. माझ्या मते कोपर हलायला लागलं की पुढचे रेप्स मोजूच नयेत. तुमचा फॉर्म कसा बसला, कुणी बसवून घेतला, लिहा. आहार आणि प्रोटीन पावडर इथे नको, प्लीज.

कोपरगावकर
आमचा ट्रेनर नवीन माणसाला भिंतीला टेकवतो. टाचा वीतभर पुढे, पाठ आणि दंडाची मागची बाजू भिंतीला. मग कर मारायची आहे तेवढी बेटकुळी! दहा किलो झुलवणारे माझे दोन मित्र तिथे गुपचूप साडेसातवर आले.

फिजिओ_ताई
बायसेपची मुख्य कामं दोन: कोपर दुमडणं आणि तळहात वर वळवणं. म्हणून तळहात मांडीकडे ठेवून सुरुवात करा आणि वर येताना वळवा. न वळवता तसाच उचललात तर तो हॅमर कर्ल. त्यात बायसेपखालचा स्नायू आणि मनगटाच्या वरचा हात जास्त राबतो. तोही चांगलाच, फक्त काय करतोय ते माहीत हवं.

हात काटकोनात आला की सगळ्यात जड वाटतं, कारण तिथे वजन कोपरापासून आडवं सर्वांत लांब असतं. लोक झटका मारतात तो नेमका तिथेच. झटका आला की वजन कमी करा. खाली आणताना दोन-तीन सेकंद घ्या, डंबेल सोडून देऊ नका. आणि मनगट मागे मोडू नका. माझ्याकडे कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणून येणाऱ्यांची मूठ मी आधी बघते.

आजी_ऑनलाइन
मी स्टुलावर बसून करते. पाय फाकवून, कोपराच्या जरा वरचा भाग मांडीच्या आतल्या बाजूला टेकवायचा, मग हात इकडेतिकडे जातच नाही. डंबेल नव्हतं तेव्हा लिटरभर पाण्याची बाटली घेत असे, म्हणजे साधारण किलोभर. नातू मोजायला बसतो आणि मधलेच आकडे खातो. दळणाचा डबा आता मीच उतरवते.

तालीमवाला
मुगदलाला झोका लागतोच, वस्ताद तो झोकाच शिकवतात. त्यामुळे तालमीतून जिमला आलेल्या पोरांना डंबेल स्थिर धरणं जड जातं. ताकद असते, सवय वेगळी असते. एका हाताने कर्ल आणि दुसऱ्या हाताने खांब धरायचा, हा उपाय आमच्याकडे चालला.

रात्रपाळी
ताई, खाली हात पूर्ण सरळ करायचा का? आणि तिरक्या बाकावर केलं की खांद्याच्या पुढच्या बाजूला ओढ बसते.

फिजिओ_ताई
सरळ करायचा, पण सांध्यावर लटकवायचा नाही. तिरक्या बाकावर दंड पाठीमागे जातो आणि बायसेप खांद्यापासूनच ताणला जातो, त्यामुळे नेहमीपेक्षा हलकं वजन घ्या. ओढ ठीक, टोचल्यासारखं दुखलं तर बाक थोडा उभा करा. तरीही दुखत राहिलं तर कर्ल थांबवून खांदा दाखवून घ्या.