मदत हवी आहे : किल्लारी आणि भूजनंतरची धोरणं, उभ्या जुन्या घरांचं काय?

नमस्कार मंडळी,

एम.ए.च्या प्रबंधासाठी १९९३ नंतरचा महाराष्ट्र आणि २००१ नंतरचा गुजरात यांची भूकंप-धोरणं ताडून बघतेय. एका जागी गाडं अडलंय.

वरवरचा फरक सोपा आहे. आपल्याकडे ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. घर २५०, ४०० की ७५० चौरस फूट, हे कुणाची जमीन किती त्यावर ठरलं. गुजरातेत बहुतेकांनी जागच्या जागी स्वतःच बांधलं. पैसे हप्त्यानं, आणि इंजिनिअरनं काम बघितल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. मला तरी हे जास्त शहाणपणाचं वाटतं. शिवाय भूकंपानंतर पंधरवड्याच्या आत त्यांचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभं राहिलं आणि २००३ मध्ये कायदाही झाला. केंद्राचा कायदा आला २००५ मध्ये!

पण आपल्याकडे न हलवलेल्या गावांसाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचीही मदत होती. तिच्यात पुष्कळांनी जुन्या घराला हात न लावता शेजारी एक नवी खोली बांधली. आमच्याकडेही (औसा तालुका) तेच झालं. त्या खोलीत आता ज्वारीची पोती आहेत. माणसं झोपतात माळवदातच, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या जुन्या घरातच, उन्हाळ्यात गार म्हणून! दोन-अडीच फुटी दगड-मातीच्या भिंती, वर फूटभर माती. किल्लारीत माणसं गेली ती अशाच घरांखाली.

तर, गुजरातेत न पडलेल्या जुन्या घरांच्या मजबुतीसाठी घरमालकाला वेगळे पैसे मिळाले का? बडोद्याची मंडळी इथं आहेत, गुजराती कागद वाचून कुणी सांगेल का? आणि आपल्याकडचे १९९४ ते ९८ चे शासन निर्णय कुठल्या ग्रंथालयात बघायला मिळतील? मला ऑनलाइन हाती लागले नाहीत.

शेवटचं प्रबंधाबाहेरचं. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडे ४.५ चा धक्का बसला तेव्हापासून आई मागे लागलीये. माळवदावरची माती उतरवून, भिंतीत आरपार जोडदगड बसवून कुणी घर मजबूत करून घेतलंय का? खर्च किती आला? आजोबा म्हणतात, "त्र्याण्णवला नाही पडलं, आता काय पडतंय." त्यांना पटेल असा, हे काम केलेला गवंडी लातूर-धाराशिवकडे कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.