मदत हवी आहे: ओढ्याकाठच्या मऊ थरावर साडेतीन मीटर भराव झालाय, उरलेला अडीच मीटर कधी चढवावा?

धागाकर्ता: पोहोचमार्ग

नमस्कार. पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्याच्या बाजूला ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा पोहोचमार्ग आहे. अंतिम उंची ६ मी., माथा १२ मी., उतार १:२, लांबी ६० मी. भराव मुरमाचा, घनता २० किलोन्यूटन प्रति घनमीटर.

जमिनीची माहिती:
० ते १.५ मी. कडक, भेगाळ काळी माती.
१.५ ते ६.५ मी. मऊ करडी चिकणमाती. एसपीटी (ठोकून मातीचा घट्टपणा मोजायची चाचणी) २ ते ३, ओलावा ५५ टक्के, लिक्विड लिमिट ६५, प्लास्टिक लिमिट २५. वेन शिअर (मातीत पाती फिरवून मोजलेली ताकद) सरासरी २० किलोपास्कल.
त्याखाली पिवळा मुरूम, ९ मीटरवर खडक. पाणी १.५ मीटरवर.
प्रयोगशाळेतून: सीसी (नव्या दाबाखाली माती किती आवळते) ०.४५, सीआर (पूर्वी सोसलेल्या दाबाच्या आत किती आवळते) ०.०६, सुरुवातीचा व्हॉइड रेशो (पोकळीचं घन भागाशी प्रमाण) १.४८, सीव्ही (पाणी निघून बसण्याचा वेग) १.५ चौ.मी. प्रति वर्ष.

अहवाल म्हणतो, एकूण ५२० मिमी बसेल आणि ९० टक्के व्हायला १४ वर्षं लागतील. उपाय म्हणून १ मीटर अंतरावर पीव्हीडी (पाणी निघण्यासाठी जमिनीत उभ्या घातलेल्या निचऱ्याच्या पट्ट्या) आणि तळाशी जिओग्रिड (मजबुतीची जाळी). पण अहवाल हातात पडेपर्यंत ३.५ मी. भराव होऊन गेला होता. १ डिसेंबरपासून काम थांबवलं आहे. मधल्या सेटलमेंट प्लेटची (जमीन किती बसली ते दाखवणारी, भरावाखालची प्लेट) दर १५ दिवसांची वाचनं, मिमीमध्ये: ७०, ८८, १०३, ११६, १२७, १३७.

ठेकेदाराला पावसाळ्याआधी ६ मी. पूर्ण करून डांबर टाकायचं आहे. पीव्हीडी आता घालावेत का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

मुरूमटाकी

काळी माती आहे ना? मग एवढा विचार कशाला. पोकलेन लावा, माती काढा, मुरूम भरून थराथराने दाबा. पुण्यात सगळे हेच करतात.

भूतंत्र

मुरूमटाकी, दोन-तीन मीटर काळी माती आणि लगेच मुरूम असेल तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर. पुण्याच्या बहुतेक भागात तसंच आहे, म्हणून इथे पीव्हीडीचं यंत्र सहसा दिसत नाही. ते पनवेल-उरणच्या खाडीतल्या चिखलाचं काम. पण इथे ६.५ मी. खोल जायचंय, त्यातले ५ मी. पाण्याखाली, शेजारी ओढा, आणि डोक्यावर साडेतीन मीटर भराव आधीच बसलेला. खोदायला गेलात तर पंप बंद पडेल त्या रात्री बाजू आत येतील.

पोहोचमार्ग, तुम्ही बसण्याबद्दल विचारताय. आधी घसरण्याबद्दल विचारा. वेनचे २० जसेच्या तसे धरू नका. तुमचा प्लास्टिसिटी इंडेक्स (लिक्विड आणि प्लास्टिक लिमिटमधला फरक) ४०, त्याला बेरुमची दुरुस्ती साधारण ०.८५, म्हणजे १७ किलोपास्कल. ढोबळ धारणशक्ती ५.१४ × १७ = ८७. आजचा भार ३.५ × २० = ७०, म्हणजे सुरक्षा गुणांक १.२५. सहा मीटरचा भार १२० होतो. एका दमात चढवला असता तर पायथ्याशी जमीन फुगली असती आणि माथ्यावर लांब भेग पडली असती.

हा हाताचा हिशेब आहे. वरच्या कडक थराची मदत यात नाही आणि उताराची भूमितीही नाही. स्लिप सर्कलचं, म्हणजे माती ज्या वर्तुळावरून घसरू शकते त्याचं, विश्लेषण कराच. त्यात कडक थराला पूर्ण ताकद देऊ नका, कारण भेगाळ माती ताणात काही धरत नाही.

धागाकर्ता: पोहोचमार्ग

हे डोक्यातच आलं नव्हतं. अहवालात स्थैर्याचं एक पान आहे, पण ते जिओग्रिड धरून केलंय.

भूतंत्र

ते पान आता बाजूला ठेवा. जिओग्रिड भरावाच्या तळाशी लागतो. साडेतीन मीटरवर अंथरलेला जिओग्रिड खालच्या घसरणीला अडवत नाही, कारण सरकणारं वर्तुळ त्याच्या खालून पायथ्याकडे निघतं.

रॉडवर_टेंभा

वाचनांवर विश्वास ठेवण्याआधी तीन गोष्टी सांगा.

१. बेंचमार्क कुठे आहे? अबटमेंटवर (पुलाच्या टोकाच्या आधारावर) किंवा जवळच्या विजेच्या खांबावर असेल तर वाचनं बाद. भरावाच्या पायथ्यापासून निदान ३० ते ४० मी. दूर, उघड्या खडकावर हवा. ओढ्यात खडक दिसत असेल तर उत्तमच.

२. रॉडला बाहेरून मोकळी नळी आहे का? ६०० × ६०० मिमी प्लेट, त्यावर २५ मिमी रॉड आणि भोवती ७५ मिमीची नळी. नळी नसली की दाबलेला मुरूम रॉडला धरतो आणि भरावाचं स्वतःचं आकुंचनही वाचनात शिरतं.

३. रॉडला जोड दिला त्या दिवशी जोडाआधी आणि जोडानंतर अशा दोन्ही लेव्हल घेतल्या होत्या का? बहुतेक प्लेट इथेच बिघडतात. रोलरचा धक्का बसून रॉड वाकला तर एका दिवसात १५-२० मिमीची उडी दिसते आणि पुढची सगळी मालिका त्या उडीवर उभी राहते.

धागाकर्ता: पोहोचमार्ग

बेंचमार्क ओढ्यातल्या खडकावर, साधारण ६० मी. दूर. नळी आहे. शेवटचा जोड नोव्हेंबरमध्ये, दोन्ही लेव्हल वहीत आहेत. काम थांबल्यापासून जोड दिलेला नाही.

रॉडवर_टेंभा

मग वाचनं वापरण्यासारखी आहेत.

भूतंत्र

आता असाओकाची आकृती काढा. जपानी अभियंता असाओका यांची १९७८ची पद्धत, आलेखकागदावर दहा मिनिटांत होते. आडव्या अक्षावर मागचं वाचन, उभ्यावर पुढचं. ७० ला ८८, ८८ ला १०३, असे पाच बिंदू. त्यातून जाणारी सरळ रेषा ४५ अंशांच्या रेषेला जिथे छेदते ते अंतिम बसणं.

तुमच्या आकड्यांवर: चढ = (१३७ − ८८) ÷ (१२७ − ७०) = ०.८६. छेद येतो १९५ मिमीच्या आसपास. म्हणजे ३.५ मीटरच्या भाराखाली ७० टक्के बसून झालंय.

आता हे अहवालाशी ताडून बघा. अहवालाने माती नॉर्मली कन्सॉलिडेटेड, म्हणजे आजच्याहून जास्त दाब पूर्वी कधी न सोसलेली, धरली आहे. थराच्या मध्यावरचा मूळ दाब ४४ किलोपास्कल येतो. त्या हिशेबाने ३.५ मीटरला ३७५ मिमी बसायला हवं होतं. प्लेट सांगते १९५. वेनही तेच सांगतोय: १७ भागिले ४४ म्हणजे ०.३९, आणि नॉर्मली कन्सॉलिडेटेड चिकणमातीत हे गुणोत्तर ०.२२ च्या आसपास असतं. उलट्या बाजूने मोजलं तर या थराने पूर्वी ७७ किलोपास्कलच्या आसपास दाब सोसलेला आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी खाली जातं, माती सुकून आवळते, पावसाळ्यात परत भिजते. तेवढ्यानेही असं होतं. ७७ धरून हिशेब केला तर ३.५ मीटरला १८५ मिमी आणि पूर्ण ६ मीटरला साधारण ३३० मिमी. प्लेटशी जुळलं.

वेळेचंही तसंच. १४ वर्षं हा आकडा पाणी फक्त वर निघतं असं धरून आलाय. खाली मुरूम आहे, तो पाणी घेत असेल तर निचऱ्याची लांबी ५ ऐवजी २.५ मी. होते आणि वेळ चौथाईवर, साडेतीन वर्षांवर येतो. ०.८६ वरून उलटा काढलेला सीव्ही ९ चौ.मी. प्रति वर्षाच्या पुढे जातो, म्हणजे प्रयोगशाळेच्या सहापट. छोट्या नमुन्यात गाळाच्या आणि रेतीच्या पातळ पट्ट्या येत नाहीत, प्रत्यक्ष थरात असतात. हा फरक नेहमीचाच.

एक धोका मात्र आहे. या ९ पैकी काही वेग माती जुन्या दाबाच्या आत असतानाचा आहे. पुढचे अडीच मीटर सगळे नव्या दाबात जाणार, तिथे सीव्ही पडतो. मी तरी पुढे ४ ते ५ च्या वर धरणार नाही.

मुरूमटाकी

मानलं बुवा. पण मग पीव्हीडी घालून वेळ कमी का करू नये? अहवालात लिहिलंय तर पैसे मंजूर होतील.

वेळापत्रक

मंजूर होतील, पण आत जाणार नाहीत. पीव्हीडीचा मँड्रेल (पट्टी खाली नेणारी पोकळ नळी) मऊ मातीसाठी असतो; ९५ टक्के घनतेला दाबलेल्या साडेतीन मीटर मुरमातून तो घुसत नाही. प्रत्येक बिंदूला आधी बोअर घ्यावं लागेल. ६० × ३६ मी. तळ, १ मी. त्रिकोणी मांडणी म्हणजे एका बिंदूला ०.८६६ चौ.मी.; अडीच हजारांच्या आसपास बोअर होतात. शिवाय निचऱ्याचा रेतीचा थर तळाशी नाही, म्हणजे वर आलेलं पाणी जाणार कुठे? तो थर निदान ३०० मिमी हवा आणि बाजूंना उघडा हवा.

मिळणार किती, तेही बघा. सीएच (आडव्या निचऱ्याचा सीव्ही) २.२५, १०० × ४ मिमीची पट्टी, मँड्रेलमुळे भोवतीची माती कालवली जाते ते धरून, ९० टक्क्यांना १ मी. अंतरावर पाच महिने, १.२ मी. अंतरावर आठ महिने. जमीन मोकळी असताना हे घातले असते तर शहाणपण होतं. आता पैसे बर्ममध्ये (पायथ्याला आधार देणाऱ्या बुटक्या भरावात) घाला.

धागाकर्ता: पोहोचमार्ग

बर्म म्हणजे किती? आणि सरचार्ज (तात्पुरता जादा भराव)?

भूतंत्र

सरचार्ज नको. बसणं लवकर उरकायला तो चांगला, पण तुमच्याकडे कमतरता ताकदीची आहे आणि सरचार्ज तीच खातो.

बर्मचा हिशेब असा. ७० टक्के कन्सॉलिडेशननंतर (पाणी निघून माती आवळल्यावर) मध्यावरचा दाब ४४ + ४९ (७० चे ७० टक्के) = ९३. त्याचे ०.२२ म्हणजे २०.५ किलोपास्कल. धारणशक्ती १०५, १.३ च्या सुरक्षा गुणांकाने भागून ८१. बर्म नसेल तर आज फार तर ४ मीटर. ९० टक्क्यांपर्यंत थांबलात, म्हणजे साधारण जूनच्या सुरुवातीपर्यंत, तर ४.६ मी. पायथ्याला दोन्ही बाजूंना २ मी. उंच बर्म घातला की तो ४० किलोपास्कलने उलट दाबतो; ८१ + ४० = १२१. सहा मीटर जेमतेम बसतात. रुंदी ८ ते १० मी. घ्या, नाहीतर वर्तुळ बर्मच्या पलीकडून निघेल.

अट एकच: २०.५ कागदावर राहता कामा नये. भरावातून बोअर घेऊन मऊ थरात पुन्हा वेन घ्या, निदान दोन ठिकाणी, प्रत्येकी एक मीटरच्या अंतराने. थराच्या मध्यावर ताकद सगळ्यात उशिरा वाढते. सरासरीवर जाऊ नका, मधलं वाचन बघा.

रॉडवर_टेंभा

चढवताना वेग: आठवड्याला अर्धा मीटर, त्याहून जास्त नाही. पायथ्यापासून २ आणि ५ मीटरवर खुंट्यांची रांग ठोका, रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मोजा. प्लेट दिवसाला १० मिमीच्या वर गेली किंवा खुंट्या दिवसाला ५ मिमीच्या वर बाहेर सरकल्या की डंपर थांबवायचे. दोन्हींत खुंटी जास्त महत्त्वाची. बसणं मंदावलंय आणि खुंट्या सरकतायत, हे सगळ्यात वाईट चित्र. त्या दिवशी भराव चढवायचा नाही, उतरवायचा.

मोजणी वहीत प्लेटची वाचनं बिलासोबत लावून ठेवा. जमिनीत गेलेल्या ३०० मिमी मुरमाचे पैसे कोणी द्यायचे यावर नंतर हमखास भांडण होतं.

वेळापत्रक

अबटमेंटचं कोणी विचारलं नाही. पाया कसला आहे?

धागाकर्ता: पोहोचमार्ग

पाइल, खडकात रुतवलेले. अबटमेंट कॅपपर्यंत झालंय.

वेळापत्रक

मग आणखी दोन तपासण्या. मऊ थर बसताना पाइलला खाली ओढतो, तो निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन पाइलच्या भारात धरलाय का बघा. आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) ७८ मध्ये तरतूद आहे. दुसरं, भरावाच्या ओझ्याने मऊ माती ओढ्याकडे सरकते आणि पाइलला आडवा दाब देते. कॅपवर आजच दोन बिंदू खुणावून टोटल स्टेशनने मोजायला लागा. कॅप सरकल्यावर बेअरिंग बसत नाहीत, तेव्हा शोध घेऊन उपयोग नाही.

डांबराचं: सहा मीटरला पोचल्यावर सीव्ही ४.५ धरून ९० टक्क्यांना आणखी १४ महिने. पुलाचा डेक खडकावर, तो हलणार नाही. रस्ता २०० मिमीच्या आसपास खाली जाणार. तेव्हा या पावसाळ्याआधी फक्त डब्ल्यूएमएम (ओल्या मिश्र खडीचा थर) आणि पातळ तात्पुरता डांबरी थर. अंतिम थर आणि ॲप्रोच स्लॅब (पूल आणि रस्ता जोडणारा काँक्रीटचा स्लॅब) पुढच्या पावसाळ्यानंतर, प्लेट बघून.

धागाकर्ता: पोहोचमार्ग

सगळ्यांचे आभार. एक अडचण आहे: ओढ्याच्या बाजूला हद्दीत ५ मीटरच जागा मिळते.

भूतंत्र

मग त्या बाजूला ५ मीटरच्या बर्मने स्लिप सर्कल चालवून बघा, १.३ बहुधा मिळणार नाही. उरलेले अडीच मीटर फ्लाय ॲशचे करा. घनता १३ धरली तर ५० ऐवजी ३२ किलोपास्कल चढतात, एकूण १०२. आयआरसी एसपी ५८ प्रमाणे बाजूंना मातीचं आवरण आणि मधे मुरमाचे थर घाला, आणि राख पुराच्या पातळीच्या वर ठेवा. टँकर रोज हवा, कोरडी राख दाबली जात नाही, नुसती उडते.

त्या बाजूच्या बर्मचा पायथा ओढ्याच्या पुरात येतोय. दगडी पिचिंग बर्मसोबतच करून घ्या, जूनच्या आधी.