राजीनामा दे म्हणतात, काय काय मागू?

हिंजवडीकर: मंगळवारी एचआरनं छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला राजीनामा, 'वैयक्तिक कारणास्तव', वर पेनसुद्धा ठेवलेलं. ३० दिवसांचा पगार देतो म्हणाले. करारात नोटीस ९० दिवसांची. नोकरी ६ वर्षं ८ महिने, बेसिक ४२,०००. डबा गाडीत राहिलाय सांगून सटकलो. शुक्रवारी परत बोलावलंय.

चाकणवाला: सही केली नाहीस, झकास. मी घामाघूम होऊन केली होती, अजून खुपतं. ग्रॅच्युइटी तुझ्या हक्काची: ४२,००० × १५ ÷ २६ × ७, म्हणजे साधारण १,६९,६१५ रुपये. वरचे आठ महिने पूर्ण वर्ष धरतात. हीच रक्कम 'पॅकेज' म्हणून दाखवतील, भुलू नकोस. ती वेगळी.

हिशोबनीस: ९० दिवसांचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, रिलीव्हिंग लेटरचा मजकूर, सगळं मेलवर घ्या. तोंडी आश्वासनावर सही नको. आणि ग्रुप विम्यात घरचं कोणी आहे का? तो नोकरीबरोबर जातो. काही महिने चालू ठेवा म्हणून सांगा.

हिंजवडीकर: आई आहे! पुढच्या महिन्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. हे डोक्यातच आलं नव्हतं. आधी तेच लिहितो, पगाराचं नंतर.